खालून कापलेल्या आठ ओळी

दिवाळी अंकाच्या संपादकांना सुरुवातीलाच एक विनंती करते. जागा कमी पडली तर हा लेख वरून कापा. ही विनंती गेली तरी चालेल. खालचा मजकूर मात्र जसाच्या तसा राहू द्या. असं का म्हणते, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका दैनिकात सव्वीस वर्षं उपसंपादक होते. उपसंपादक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मंत्र्यांना प्रश्न विचारणारी बाई येते. मी कुठल्याही मंत्र्याला कधी काही विचारलं नाही. मी रविवारच्या पुरवणीचं चौथं पान करायचे. पानाचं छापील नाव ‘जग आणि आपण’. कचेरीत सगळे त्याला चिवडा म्हणत. वर सिनेमा, मध्ये विज्ञानातली एखादी गंमत, खाली एखादा सामाजिक प्रश्न आणि त्यावर वाचकांची पत्रं. हिरोईनचं लग्न, ऑक्टोपसची तीन हृदयं आणि हुंडा, हे तिन्ही एकमेकांना धक्का न लावता एका पानावर बसवायचे, हे माझं काम. बाईमाणसाला पुरवणी द्यायची, अशी तेव्हा पद्धतच होती. सुरुवातीला राग आला. पुढे कळलं, की पहिलं पान संध्याकाळी डब्याखाली अंथरलं जातं आणि चिवडा लोक कापून ठेवतात. मग राग गेला आणि थोडी शिष्टपणाची बाधा झाली.

वाचक म्हणजे एकेक नग होते. अजिंठ्याचे एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवून माझी चूक काढायचे. चूक नसेल त्या आठवड्यात ‘या खेपेस काही आढळले नाही’ असं कळवायचे. ऑक्टोपसच्या तीन हृदयांवर लिहिलं तेव्हा एका गृहस्थांचा फोन आला, “मॅडम, त्याला अटॅक आला तर एकाच हृदयाला येतो की तिन्हीला?” त्यांची स्वतःची बायपास झालेली होती, त्यामुळे मला हसताही येईना. मंगळावर पाण्याच्या खुणा सापडल्याचं छापलं, त्या सकाळी पदमपुऱ्यातल्या एका बाईंनी मला फैलावर घेतलं. “मंगळाचं नंतर सांगा. आमच्या नळाला आज नववा दिवस आहे.” एका नटाची उंची नेमकी किती, यावर पैज लावून बसलेले दोन मित्र तर थेट कचेरीतच आले होते. मी सांगितलेली उंची दोघांनाही पटली नाही.

आता या धंद्यातली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बातमी लिहिताना महत्त्वाचं आधी आणि कमी महत्त्वाचं शेवटी, हा आम्हाला मिळालेला पहिला धडा. त्यामुळे जागा कमी पडली की बेलाशक खालून कापायचं. अपघाताच्या बातमीतलं ‘पुढील तपास सुरू आहे’ गेलं तर कुणाचं काही अडत नाही. विज्ञानाच्या तुकड्याचं तसं नसतं. त्यात आधी गंमत येते आणि शेवटी ‘पण’ येतो. मध वर्षानुवर्षं टिकतो, ही गंमत. पण त्यात पाणी मिसळलेलं नसेल तर, हा ‘पण’. गुलमंडीतल्या एका दुकानदारानं माझ्या लेखातला तेवढा ‘पण’ कात्रीनं उडवून बाकीचं कात्रण लॅमिनेट करून दुकानात लावलं आणि त्याखाली जुन्या बाटल्या मांडल्या. तेव्हा मी त्याच्याशी तावातावानं भांडले. शेवटची ओळ कापायचा त्याला काय अधिकार, असं चारचौघांत विचारलं.

माझे वडील फर्दापूरचे. अजिंठ्याच्या लेण्यांत दारापाशी उभं राहून आरशानं आत ऊन फेकायचं, हे त्यांचं काम होतं. चित्राचा एकच कोपरा उजळला तर पाहुणा तेवढाच बघून पुढे जातो, म्हणून ते आरसा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. घाई करणाऱ्या पाहुण्यावर उघड चिडायचे. मी त्यांचीच मुलगी, पण माझ्या अंगात लहानपणापासून घाई. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, फोनवर बोलणं सुरू असताना दुसऱ्या हातानं मथळे खरडणं. लोक त्याला कामाचा झपाटा म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

चौथं पान गुरुवारी चारला छापायला जायचं. सहा-सात वर्षांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी विज्ञानाच्या चौकटीत रक्तगटांवरचा मजकूर होता. माझाच. आई-वडील दोघांचा रक्तगट ओ असेल, तर मुलाचाही ओच असतो. तो ए किंवा बी का होऊ शकत नाही, हे मी सोपं करून लिहिलं होतं. मथळाही माझाच, ‘रक्त खोटं बोलत नाही’. सुचला तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते. शेवटच्या आठ ओळींत ‘पण’ होता. कार्डावरचा रक्तगट पुष्कळदा न तपासताच लिहिलेला असतो. शिवाय फार थोड्या लोकांचं रक्त साध्या तपासणीत ओ दिसतं, पण त्यामागे ए किंवा बी दडलेला असतो. हा प्रकार पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याला मुंबईचंच नाव आहे. तेव्हा घरातल्या घरात कुणी निष्कर्ष काढू नये, शंका आलीच तर आधी पुन्हा तपासणी करावी. एवढं सगळं त्या आठ ओळींत होतं.

साडेतीनला वरून निरोप आला, हिरोईनच्या लग्नाचा फोटो मोठा करा. लेहेंग्याचा घेर पूर्ण दिसला पाहिजे. पानं लावणारे आमचे सलीमभाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, कामाला अतिशय सावध. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम, फोटो बडा किया तो नीचे आठ लाइन ज्यादा हो रही.”

“खालून काढा.”

“एक बार पढ तो लेव.”

“त्यात काय वाचायचंय, मीच लिहिलंय ना? काढा खालून.”

सलीमभाईंनी काढल्या. लेहेंगा छान पसरला. त्याच पानावर तळाला त्या आठवड्याचा प्रश्न होता, ‘नवऱ्यानं बायकोचा मोबाइल तपासावा का?’ आणि संसारात विश्वास किती मोलाचा, यावर माझं चार ओळींचं प्रवचन.

दोन आठवड्यांनी खालून पहारेकऱ्याचा फोन आला. कुणी बाई आली आहे, रक्ताचं ज्यांनी लिहिलं त्यांनाच भेटायचं म्हणते. मला वाटलं कुणाला रक्त हवं असेल. तिशीच्या आतबाहेरची बाई वर आली. अंगावर कंपनीचा निळा कोट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं माझं पान. तिनं ते टेबलावर उलगडलं.

“हे तुमी लिहिलं का?”

“हो.”

“मंग मला सांगा, माझी पोरगी कुणाची हाय?”

तिचं नाव मंगल. ती आणि तिचा नवरा संतोष, दोघंही चितेगावला वेगवेगळ्या कंपन्यांत ठेकेदाराकडे कामाला. मुलगी पहिलीत. शाळेच्या ओळखपत्रासाठी मुलीचं रक्त तपासलं, ते ए निघालं. मंगलचा रक्तगट बाळंतपणापासून माहीत होता, ओ. संतोषच्या गळ्यातल्या कंपनीच्या कार्डावरही ओ. तोवर कुणाच्या ध्यानीमनी काही नव्हतं. मग माझ्या चौकटीचा फोटो कुणीतरी कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, आणि दोस्तांनी आपापल्या घरची बेरीज मांडायला घेतली.

“त्यांनी मला मारलं-बिरलं नाय,” मंगल सांगत होती. “दोन दिवस बोललेच नाय. तिसऱ्या दिवशी मला अन् पोरीला माहेरी सोडलं अन् म्हणाले, पेपरात आलंय, शास्त्र हाय. सासूबाईंनी तर कात्रण करून साड्यांखाली ठेवलंय, कोर्टात लागंल म्हणून. पोरीची शाळा बंद पडली. ती रोज इचारती, पप्पा कवा येणार. तुमी लिवलंय ना, मंग तुमीच सांगा तिला.”

मी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही. मी पुन्हा पुन्हा ते पान बघत होते, जणू आठ ओळी कुठेतरी घडीत अडकल्या असतील. सलीमभाई उठून मागे येऊन उभे राहिले होते. ‘मैं बोला था’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी संगणकातून मूळ मजकूर शोधला, छापून काढला आणि माझ्या हातात ठेवला.

मी मंगलला तो वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हे असं व्हतं, तर पेपरात का नव्हतं?”

फोटोत लेहेंगा मावत नव्हता म्हणून, हे उत्तर मी दिलं. दुसरं कुठलं देणार?

त्याच दुपारी मी तिच्याबरोबर पैठण रोडनं चितेगावला गेले. पाळी सुटली तेव्हा संतोष फाटकासमोरच्या टपरीवर भेटला. मी मनात एक राक्षस उभा केला होता. समोर आला तो झोप न झालेला, दाढी वाढलेला साधा माणूस. त्यानं मला बाकावर जागा करून दिली, चहा सांगितला. मग माझ्या हातातला कागद घेतला, अक्षर न् अक्षर वाचला आणि परत दिला.

“ताई, हे तर तुमी आता टाइप करून आणलंय. पेपरात कुठंय?”

“पेपरात जागा नव्हती. पण हे खरं आहे.”

“खरं असतं तर छापलं नसतं का?”

“अहो, पेपरात छापलेलं सगळं पूर्ण असतं असं नाही,” मी म्हणाले. माझ्या पेपरावर विश्वास ठेवू नका, असं मी चितेगावच्या टपरीवर बसून एका वाचकाला विनवत होते. आणि तो आमचा निष्ठावान वाचक निघाला. त्यानं मान हलवली आणि रक्त द्यायला साफ नकार दिला. मंगल बाजूला उभी राहून ऐकत होती.

मग छापण्यावाचून इलाज नव्हता. संपादकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, “चिवड्यात कसलं शुद्धिपत्र? द्यायचंच तर दोन ओळी द्या, कोपऱ्यात.” मी म्हणाले, आठ ओळी आणि चौकटीत. ते म्हणाले, स्वतःच्या हातानं पेपराचं नाक कापायचं का? एका बाईच्या घरगुती भांडणासाठी? मी तडक बाहेर आले. अंगाची आग आग होत होती, आणि त्यातली निम्मी माझ्यावरच होती. गुरुवार उजाडला. त्या आठवड्यात एका हिरोचं नवं घर होतं, फोटो पुन्हा भलामोठा.

“कितनी जगह होना?” सलीमभाईंनी विचारलं.

“सगळा मजकूर पुन्हा. आठ ओळींसकट. आणि वर ‘आमची चूक’ असा मथळा.”

त्यांनी पडद्याकडे बघत मान डोलावली. “तो इस बार हीरो को नीचेसे काटते.”

हिरोचे गुडघ्यापासून खालचे पाय आणि इटालियन फरशी गेली. रविवारी पान बाहेर आलं. सोमवारी मला मेमो मिळाला, आणि माझ्या नकळत सलीमभाईंनी साहेबांना सांगून ठेवल्यामुळे त्यांनाही मिळाला. ‘काटने का काम मेरा’, असं ते साहेबांना म्हणाले होते. अजिंठ्याच्या मास्तरांचं कार्ड आलं, ‘या खेपेस काही आढळले नाही’. ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे.

आणि संतोषचा फोन आला. पान वाचलं होतं. ‘पेपरात आलंय’ म्हणून तो तपासणीला तयार झाला होता.

औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये तिघं भेटलो. मुलीला आणायचं का, असं संतोषनं आधी फोनवर विचारलं होतं, तेव्हा मंगलनं साफ सांगितलं होतं, “तिचं बोट टोचायचं नाय. तिनं काय केलंय?” दोघांचं रक्त घेतलं. संतोष बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. मी आणि मंगल आत बाकावर बसलो. समोर भिंतीवर डेंग्यूच्या डासाचं मोठं चित्र होतं. मी मंगलचा हात हातात घेतला. अर्ध्या तासानं खिडकीतून नाव पुकारलं.

मंगल ओ. संतोष ए.

संतोषनं कागद दोनदा वाचला, गळ्यातलं कार्ड काढून शेजारी धरलं. “मला कुणी इचारलंच नव्हतं,” तो म्हणाला. “ठेकेदाराच्या माणसानं फॉर्म भरले. ज्याला ठाऊक नाय, त्याच्यापुढं सरळ ओ टाकलं सगळ्यांच्या.” मग तो मंगलपुढे येऊन उभा राहिला. तीच म्हणाली, “साड्यांखालचा तो कागद घिऊन या आईकडून. पोरीदेखत फाडा. मंग बघू घरी यायचं का नाय ते.”

संतोष तो कागद घेऊन तिच्या माहेरी गेला आणि पोरीदेखत फाडला. मुलीची शाळा सुरू झाली. मंगल परतली, पण पगार स्वतःच्या खात्यात घ्यायची अट घालून. हा किस्सा मी निरोप समारंभात सांगितला, पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना सांगितला, भिशीत सांगितला. ‘साड्यांखालचा कागद’ म्हटलं की दर वेळी टाळ्या पडतात. मी तिथेच थांबते.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सलीमभाई गेल्या वर्षी वारले. माझा पाय अजून घरात ठरत नाही. पेपर हातात आला की शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाते. औषधाच्या डबीतला कागद, लग्नपत्रिकेच्या तळाची नावं, सिनेमा संपल्यावर पडद्यावरून सरकणारी नावं. शेवटचं अक्षर जाईपर्यंत मी उठत नाही आणि आमचे हे दाराशी उभे राहून घड्याळ बघतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ती चौकटही अजून मेलेली नाही. ‘रक्त खोटं बोलत नाही’, खाली गुलाबाची फुलं आणि हात जोडलेले. आठ ओळी नसलेलीच फिरते. माझ्या पुतण्यानं घरच्या ग्रुपवर टाकली, शेजारणीनं योगवर्गाच्या ग्रुपवर टाकली. जिथे दिसेल तिथे मी खाली आठ ओळी टाइप करते. कुणी वाचतं की नाही, देव जाणे. दोन ग्रुपांतून मला काढून टाकलं आहे. चितेगावला एक मंगल होती. बाकीच्या कुठे असतील, त्यांनी कुणाला गाठायचं, हा विचार आला की हातातलं काम टाकून उठते आणि घरभर फिरत राहते.

आता तो भाग, जो मी टाळ्यांच्या आधी कापत आले. लॅबच्या बाकावर मी मंगलचा हात धरला होता, तो तिला धीर द्यायला नव्हे. धीर मलाच हवा होता. संतोषही ओच निघाला तर? मी मनाशी ती मुंबईची दुर्मीळ शक्यता घोळवत होते, तिच्यासमोर कशी मांडायची ते ठरवत होते, आणि त्याच्या तळाशी दुसराही एक विचार होता, संतोषच्या मनात आला तोच. आठ ओळी मीच लिहिल्या होत्या, तरी होता. खिडकीतून निकाल आला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, “सुटले बाई!” संतोष अजून दारातून आत येत होता. मंगलनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि हात सोडवून घेतला.

“तुमी कशाला सुटल्या, ताई? तुमचं काय अडकलं व्हतं?”

मी पर्स उघडून काहीतरी शोधायला लागले. ती हलक्या आवाजात म्हणाली, “तुमाला बी तसंच वाटलं व्हतं ना?”

तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज छापून देते आहे, खालून कुणी कापू नका. व्हय मंगल, वाटलं होतं.